आमच्या बाई आज नाहीत



आज मी बोलणार आहे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल, आणि त्यांच्या आयुष्यातल्या अगदी साध्या एका दिवसाबद्दल. अंगणवाडीच्या किंवा बालवाडीच्या नेहमीच्या बाई त्या दिवशी येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरंच कुणी दारात उभं असतं. त्या दुसऱ्या बाईने काय करावं, काय करू नये, आणि तिच्या पाठीशी आपण गाव म्हणून काय उभं करावं, हा माझा विषय आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. निवृत्तीनंतर आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतून निरोप येतो, ‘बाई आजारी आहेत, दोन दिवस येता का?’, आणि मी जाते. रेवदंड्याच्या बाजूला जाते, मुरूडकडे जाते, कधी खारेपाटात. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. बदलीवर जाऊन लहान मुलांचा वर्ग घेणं हे फावल्या वेळात, कुणालाही जमणारं काम आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बालशिक्षणातलं ते सगळ्यात कसाचं काम आहे. नेहमीच्या बाईंनी महिनोन् महिने कमावलेला विश्वास त्या दिवशी दुसऱ्याच्या हाती जातो. तो जपूनही परत देता येतो आणि तासाभरात मोडताही येतो.

आधी बाई गैरहजर का असतात ते पाहू. पालकसभेत मी ऐकते, ‘बाई सारख्या कुठे जातात?’ अंगणवाडी सेविकेच्या कामांची यादी डोळ्यांसमोर आणा. मुलांना शिकवणं हा त्यातला एक भाग. गरोदर मातांच्या घरी भेटी, मुलांची वजनं आणि उंची, लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेला मदत, घरी न्यायच्या आहाराचं वाटप, बीटच्या बैठका, प्रशिक्षणं, आणि 2021पासून मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये रोजची नोंद. अनेक ठिकाणी मतदार यादीचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. प्राथमिक शाळेचीही गत तीच. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक आहेत. त्यातले एक केंद्रावरच्या शिक्षण परिषदेला गेले, किंवा दुसऱ्या शाळेवर तात्पुरत्या कामगिरीवर पाठवले गेले, की उरलेल्या एका शिक्षकापुढे सगळ्या इयत्ता बसतात. त्यात पहिलीतलं सहा वर्षांचं मूल सर्वांत मागे पडतं. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं याच कायद्याचं कलम 27 सांगतं. पण निवडणुकाच आपल्याकडे किती! म्हणजे बाई नसण्याचा दिवस हा अपघात नाही. तो व्यवस्थेतच आहे आणि आधीपासून ठाऊक आहे. तरी त्याची तयारी कुणाची नसते.

ही उणीव उघडी पडली ती 2023च्या डिसेंबरात. 4 डिसेंबरला राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या. संप जानेवारी 2024च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, पन्नासहून अधिक दिवस चालला. राज्यात अंगणवाड्या आहेत सुमारे 1 लाख 10 हजार. सेविकेला तेव्हा महिन्याला 10 हजार रुपये मानधन होतं आणि मदतनीसला साडेपाच हजार. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणते. एप्रिल 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा हक्क त्यांना मान्य केला होता, म्हणजे त्यांचं काम हे काम आहे एवढं तरी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगून झालं होतं. त्या दिवसांत मुलांच्या पोषणाची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मुलं सात आठवडे आपल्या बाईंना न पाहता राहिली, त्याचं मुलांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मी कुठल्याही वर्तमानपत्रात वाचला नाही. मोठ्यांच्या मते लहान मूल विसरतं. ते विसरत नाही.

याचा कसून अभ्यास इंग्लंडमध्ये जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या दांपत्याने केला. जेम्स हे लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांचे सहकारी. आईपासून थोडे दिवस दूर राहणाऱ्या लहान मुलांवर त्यांनी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फिल्म्स केल्या. त्यातली एक फिल्म जॉन नावाच्या सतरा महिन्यांच्या मुलाची आहे. आई बाळंतपणाला गेलेली, म्हणून जॉनला नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात ठेवलं. तिथल्या सांभाळणाऱ्या मुली प्रेमळ होत्या, कुणी त्याला रागावलं नाही. पण पाळ्या बदलत, आणि अमुक मूल अमुक बाईचं अशी पद्धत तिथे नव्हती. पहिल्या दिवसांत जॉन एकीमागून एक प्रत्येकीकडे गेला, मांडीवर जागा शोधली. ती मिळेपर्यंत त्या बाईची पाळी संपायची. पुढे तो खाईना, रडून रडून थकला, एका मोठ्या अस्वलाला बिलगून पडून राहू लागला. नवव्या दिवशी आई आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

याच रॉबर्टसन दांपत्याने दुसऱ्या चार मुलांना, अशाच कारणाने, आपल्या घरी सांभाळलं. आधी मुलाच्या घरी जाऊन ओळख करून घेतली. मूल काय खातं, कसं झोपतं, ते विचारून ठेवलं. घरच्या ओळखीच्या वस्तू सोबत आणू दिल्या. आईचा फोटो दाखवत राहिले, तिचं नाव काढत राहिले, आणि बदली आईची जागा एकट्या जॉयसने सांभाळली. या मुलांनाही आईची आठवण आली, त्यांनीही त्रास काढला, पण ती जॉनसारखी कोलमडली नाहीत. मी या फिल्मांबद्दल वाचलं तेव्हा मला बालशिक्षणाच्या जाडजूड पुस्तकांत न मिळालेलं उत्तर मिळालं. जॉनला माया कमी पडली नव्हती. तिथे माणूस ठरलेला नव्हता, आणि मुलाची माहिती कुणाकडे नव्हती. माणूस ठरलेला असावा आणि त्याच्याजवळ माहिती असावी, एवढं झालं तर बदली माणूसही मुलाला तारून नेतो. इंग्लंडमध्ये आज बालवाडीत प्रत्येक मुलामागे एक ठरलेली व्यक्ती नेमणं नियमाने बंधनकारक आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. इथे मुलाची माहिती घ्यायची म्हणजे आधी समुद्राची घ्यावी लागते. पेणहून किंवा पुण्याहून आलेली नवी शिक्षिका कोळीवाड्यातल्या बालवाडीत बदलीवर येते. दहा वाजता पाहते तर निम्मी मुलं नाहीत. ती गैरहजेरी मांडते आणि मनात म्हणते, या लोकांना शिक्षणाची आस्था नाही. तिला कुणी सांगितलेलं नसतं की आपल्याकडचं डोल हे जाळं खुंट्यांना बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. होड्या घड्याळावर येत नाहीत, पाण्यावर येतात, आणि पाण्याची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. या आठवड्यात होडी पहाटे लागत असेल तर पुढच्या आठवड्यात ऐन शाळेच्या वेळेला लागेल. होडी लागली की आई पाटी घेऊन बंदरावर जाणार. जवळा आणि बोंबील उन्हात पडला पाहिजे, नाहीतर माल गेला. मग मुलाला आणणार कोण? आजी, नाहीतर तिसरी-चौथीतली बहीण, आणि तीही स्वतःची शाळा बुडवून.

म्हणून मी बदलीवर जाताना घरातल्या दिनदर्शिकेत तिथी पाहून जाते. आपल्या म्हाताऱ्या कोळ्यांचा हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. उधाणाचे दिवस म्हणजे डोलीला जोर, बंदरावर धांदल, वर्गात आज्या. भांगाचे, म्हणजे पाण्याची ओढ कमी असण्याचे, दिवस आले की आया निवांत, मुलं वेळेवर. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, बाप घरी असतात, आणि मुलाला खांद्यावर बसवून तेच पोचवायला येतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा पाण्यात जातात आणि दोन महिने बापाची सवय झालेलं मूल ऑगस्टात दारात हमसून रडतं. बदलीच्या बाईला हे ठाऊक असेल तर ती त्या रडण्याचा दोष स्वतःकडे घेणार नाही, मुलाकडेही देणार नाही. ती विचारेल, ‘बाबा होडीवर गेले? कुणाच्या होडीवर? होडीचा रंग कोणता?’ आणि मूल सांगू लागेल. कोळ्याच्या मुलाला गेलेलं माणूस परत येतं हे पाळण्यापासून माहीत असतं. त्याच्या या अनुभवाला हात घालता आला की ‘आमच्या बाईही येतील’ हे त्याला पटवणं अवघड नसतं.

दुसरी गोष्ट भाषेची. अलिबाग-मुरूडच्या दहा-वीस मैलांच्या पट्ट्यात मुलांच्या घरच्या किती बोली आहेत! आगरी आहे, कोळी आहे, वाडीवरची कातकरी आहे, मुरूड-राजपुरीकडे मुसलमान घरांतली कोकणी आहे. आणि कोर्लईला किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्तीत तर पोर्तुगीजातून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. पोर्तुगीज इथून 1740 साली गेले. त्यांची भाषा चुलीपाशी राहिली. या घरांतून येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला प्रमाण मराठी कळायला लागलेली असते ती केवळ नेहमीच्या बाईंच्या आवाजातून, त्यांच्या हातवाऱ्यांतून. तोच आवाज नसला की अर्धी भाषा गळून पडते. म्हणून बदलीच्या बाईने त्या दिवशी कमी बोलावं, हळू बोलावं, आणि मूल ‘पानी’ म्हणालं तर ‘पाणी म्हण’ असं सांगत बसू नये. ते तहानलेलं आहे, आधी पाणी द्यावं.

आता प्रत्यक्ष वर्गात चला. पहिला अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. अनोळखी बाई खांद्याला पर्स लावून दारात दिसली की कितीतरी मुलं एकदम आक्रसतात, हात दंडावर जातो. कारण अंगणवाडीत येणारी अनोळखी बाई म्हणजे सुई टोचणारी, हा त्यांचा अनुभव. मी पर्स मदतनीस मावशींकडे देते, चप्पल मुलांच्या चपलांशेजारी काढते आणि बस्करावर जाऊन बसते. उभं राहून बोलायला सुरुवात करत नाही. काही मुलं जवळ येतात, काही भिंतीला टेकून पाहत राहतात. पाहणाऱ्यांना ओढून आणायचं नाही. पाहणं हे त्यांचं त्या वेळचं काम आहे.

मग प्रश्न येतो, ‘बाई कवा येनार?’ इथे फार मोठी फसवणूक होते आणि ती चांगल्या मनाने होते. ‘आत्ता येतील हं’, ‘खाऊ आणायला गेल्यात’, ‘तू रडलास ना, म्हणून नाही आल्या’. हे तिसरं वाक्य तर कुणी कधीच उच्चारू नये. चार वर्षांचं मूल ते शब्दशः खरं मानतं आणि बाईंच्या तापाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतं. पहिलं वाक्यही तितकंच वाईट. ‘आत्ता’ म्हटल्यावर मूल दाराकडे तोंड करून बसतं, आणि दुपारपर्यंत दार पाहून घरी जातं. खरं सांगावं: ‘बाईंना ताप आला आहे. त्या घरी झोपल्या आहेत. औषध घेतलं आहे. आज मी आहे.’ परवा येणार असतील तर ‘परवा’ हा शब्द त्याला कळत नाही. त्याला सांगावं, ‘आज खाऊ खाऊन घरी जायचं, रात्री झोपायचं, उद्या पुन्हा यायचं, पुन्हा खाऊ खायचा, झोपायचं, आणि मग बाई.’ बोटांवर मोजून दाखवावं. आणि बाई कधी येणार ते आपल्यालाच ठाऊक नसेल, तर तेही सांगावं. मूल खरं पचवू शकतं.

यानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमच्या बाई असं नाही करत.’ पुष्कळ शिक्षिकांना ते टोचतं. कुणी म्हणतं, ‘आज मी सांगेन तसं करायचं.’ माझी विनंती आहे की या वाक्याची वाट पाहा. ते मूल उद्धट नाही. त्याच्या दिवसाचा एक खांब निघाला आहे, उरलेले तरी जागेवर राहावेत म्हणून ते धडपडतं आहे. प्रार्थनेनंतर गोष्ट की गोष्टीनंतर प्रार्थना, हात धुवायला आधी मुली की मुलगे, टोपी कोणत्या खुंटीवर, हे त्याच्या लेखी तपशील नाहीत; त्यावर त्याचं आजचं जग उभं आहे. मी त्या मुलालाच विचारते, ‘तुमच्या बाई कसं करतात? मला दाखव.’ आणि काय बदल होतो! जी मुलगी सकाळपासून भिंतीला चिकटलेली असते ती उठते, मुलांना गोलात बसवते, नेमक्या बाईंच्या आवाजात ‘हाताची घडी’ म्हणते. मी तिच्या शेजारी गोलात बसते. दिवस मुलांनी चालवलेला असतो, मी तो सुरक्षित ठेवलेला असतो.

इटलीतली एक गोष्ट इथे आठवते. मारिया मॉन्टेसरी यांनी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी पहिलं बालगृह उघडलं. एक दिवस तिथल्या बाईंना यायला उशीर झाला, आणि आदल्या दिवशी साहित्याच्या कपाटाला कुलूप लावायचं राहून गेलं होतं. त्या आल्या तेव्हा मुलांनी कपाट उघडलेलं होतं आणि जो तो हवं ते साहित्य घेऊन कामात गढला होता. बाईंना वाटलं ही चोरी आहे. मॉन्टेसरींनी त्यातून दुसरा अर्थ काढला: मुलांना वस्तू इतक्या ठाऊक झाल्या आहेत की ती स्वतः निवड करू शकतात. पुढे साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा उघड्या, बुटक्या कपाटांत ठेवायची रीत पडली, ती आज जगभर आहे. म्हणजे मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीतला एक मोठा शोध बाई नसलेल्या वेळात लागला.

आपल्या अंगणवाड्यांत मात्र ठोकळे, मणी, चित्रांची पुस्तकं लोखंडी कपाटात असतात आणि चावी बाईंच्या पर्समध्ये. कारण मी समजू शकते. साहित्याचा हिशोब द्यावा लागतो, हरवलं तर उत्तर द्यावं लागतं. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावर छपरं उडाली, साहित्य भिजून गेलं, ते जिथे पुन्हा मिळवलं तिथे जिवापाड जपलं जाणं स्वाभाविक आहे. पण बाई तापाने पडल्या आणि चावीही त्यांच्याबरोबर घरी राहिली, तर बदलीच्या बाईपुढे उरतात रिकाम्या भिंती आणि तीस मुलं. मग आरडाओरडा होतो, मग धाक येतो. निदान एक टोपली बाहेर असू द्या. आपल्या किनाऱ्यावर शिंपले आहेत, गोटे आहेत, सुरूची बोंडं आहेत, सुपारी आहे. ही वर्गवारीची, मोजण्याची, रांगोळीची सामग्री कुणी चोरणार नाही आणि तिचा हिशोबही द्यावा लागत नाही.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला. भावनगरातल्या सुखवस्तू मुलांसाठी केलेलं काम खेड्यात न्यायचं म्हणून ताराबाई 1945मध्ये बोर्डीला आल्या. बोर्डीही समुद्रकाठचंच गाव, आपल्यासारखंच. महागडं विलायती साहित्य तिथे चालणार नव्हतं, तेव्हा परिसरातल्या वस्तूंतून त्यांनी साहित्य उभं केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या वस्तीत गेल्या आणि मुलांच्या अंगणातच बालवाडी भरवली. अंगणवाडीचा उगम तो. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या या बाईने पुढे 1957पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी सारं आयुष्य दिलं. धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून थोरल्याची शाळा बुडते हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात आणली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. बंदरावर आई आणि घरी बाळ असलेल्या आमच्या तिसरी-चौथीतल्या मुलींना त्या आवाराची गरज आजही तेवढीच आहे. 2 ऑक्टोबर 1975ला देशात 33 प्रकल्पांपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव घराघरांत नेलं. ताराबाईंचा मूळ विचार असा होता की अंगण मुलाचं आहे, मोठं माणूस तिथे मुलाच्या जगात जातं. बदलीच्या बाईला हा विचार जितका लागू पडतो तितका कुणालाच नाही. तिने पाहुण्यासारखं जावं, घर तिथल्यांना विचारून समजून घ्यावं, आणि निघताना वस्तू जागच्या जागी ठेवून यावं.

काही गोष्टी थोडक्यात सांगते. चॉकलेटं वाटून मुलं जिंकू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बाई रिकाम्या हाताने येतात आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. नवं अक्षर, नवा अंक त्या दिवशी शिकवायचा हट्ट नको. बागुलबुवा, पोलीस, डॉक्टर, कुणाचाही धाक नको. खिचडी-उसळीची वेळ चुकवू नका, कारण लहान मुलांचं घड्याळ पोटात असतं. आणि घरी सोडताना मावशींना विचारल्याशिवाय एकही मूल कुणाच्या हाती देऊ नका, समोरचा माणूस ‘मी मामा’ म्हणाला तरी.

नेहमीच्या बाई परत येतात त्या दिवसाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण त्याकडे कुणी पाहत नाही. बाईंना वाटतं मुलं धावत येतील. काही येतात. काही मात्र तोंड फिरवतात, नाव घेतलं तरी ओ देत नाहीत, कालपर्यंत येत असलेलं काम ‘येत नाही’ म्हणतात. बाई दुखावतात. जॉनने आईकडे फिरवलेली पाठ आठवा. हा राग म्हणजे ओढच आहे. त्या दिवशी ‘मी नव्हते तर काय गोंधळ घातलात?’ हा प्रश्न विचारू नये. ‘मी नव्हते तेव्हा तुम्ही काय काय केलंत?’ असं विचारावं आणि निवांत ऐकावं. बदलीच्या बाईंचं नाव मुलांसमोर चांगल्या शब्दांत घ्यावं, म्हणजे पुढच्या वेळी मुलांना ती परकी वाटणार नाही.

आणि आता ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ आहे, त्या मावशी. सरकारी कागदावर त्या मदतनीस. मुलांना घरून आणतात, हात-पाय धुतात, आहाराचं पाहतात, केर काढतात. आणि बाई नसल्या की वर्ग त्याच सांभाळतात, वर स्वयंपाक सुटत नाही तो नाहीच. कोणतं मूल कुणाच्या घरचं, कुणाला झटके येतात, कुणाची आई माहेरी गेली आहे, कोण शू लागली तरी सांगत नाही, हे त्यांना सगळं ठाऊक. रॉबर्टसन दांपत्याने ज्या दोन गोष्टी आवश्यक मानल्या, ठरलेला माणूस आणि मुलाची माहिती, त्या दोन्ही या बाईंजवळ आधीच आहेत. म्हणजे आपली खरी बदली शिक्षिका गावातच आहे. तिला आपण तसं मानत नाही, तसं शिकवत नाही आणि त्याचे पैसे देत नाही. बाहेरून कुणाला आणण्याआधी मावशींना गोष्ट सांगणं, गाणी, खेळ यांचं रीतसर प्रशिक्षण द्या. त्या वर्ग घेतील त्या दिवसाचं मानधन त्यांना वेगळं द्या. आणि त्या दिवशी चुलीपाशी दुसरं माणूस उभं करा. उकळत्या खिचडीकडे आणि तीस मुलांकडे एकाच बाईने पाहायचं, हे धोक्याचं आहे आणि ते आज चाललेलं आहे.

याखेरीज प्रत्येक अंगणवाडीत एक साधी वही असावी. प्रत्येक मुलाला एक पान. घरी हाक मारतात ते नाव, घरची बोली, न्यायला येणाऱ्या दोन माणसांची नावं, आजार आणि औषध, कशाला घाबरतं, कशाने शांत होतं. शेवटच्या पानावर दिवसाचा क्रम आणि कपाटाची दुसरी चावी कुणाकडे आहे ते. ही वही लिहायला एक दुपार पुरते. गावातल्या निवृत्त शिक्षिका, बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केलेल्या सुना-मुली, बचत गटातल्या बाया यांतून दोघी-तिघींची नावं ठरवावीत. त्यांनी महिन्यातून एकदा, नेहमीच्या बाई हजर असताना, वर्गात येऊन बसावं, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी मुलांना चेहरा ओळखीचा असेल.

येत्या 1 मेला गावोगावी ग्रामसभा आहे. रस्ता, पाणी, गटार यांच्याबरोबर कुणीतरी उठून एवढं विचारा: आपल्या अंगणवाडीच्या बाई उद्या आल्या नाहीत, तर दार कोण उघडणार आणि मुलांजवळ कोण बसणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, मावशींचं नाव त्यात पहिलं घाला, आणि त्यांच्या त्या दिवसाच्या मानधनाची तरतूद त्याच सभेत मंजूर करून घ्या.